मालदीवच्या समुद्रात उतरण्यापूर्वी

‘कवडीमोल’ हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु ती कवडी येत असे कोठून, याचा विचार क्वचितच करतो. बंगालमध्ये चलन म्हणून चालणाऱ्या कवड्यांचा फार मोठा भाग शतकानुशतके मालदीव बेटांवरून जहाजे भरून येत असे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी तेथे काही काळ काझी होता. त्यानेही या व्यापाराची नोंद करून ठेवली आहे. तेथील दिवेही भाषा सिंहलीची बहीण. तिच्यात ‘राज्जे’ म्हणजे काय, हे मराठी माणसास सांगावे लागत नाही. आपल्या लक्षद्वीपातील मिनिकॉय बेटावर याच भाषेचे एक रूप बोलले जाते. आज या शेजारी देशात कवड्यांसाठी कोणी जात नाही. जाणारे पुष्कळसे लोक पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून प्रवाळांच्या भिंतींपाशी घटकाभर विहार करण्यासाठी जातात, आणि त्यांत अलीकडे भारतीय कुटुंबेही दिसू लागली आहेत.

देश जवळचा म्हणून तयारीही थोडी, असा समज मात्र करून घेऊ नये. एका बाबतीत ती थोडी आहे खरी. 2018 मध्ये झालेल्या करारान्वये भारतीय पर्यटकास 90 दिवसांपर्यंत व्हिसाची खटपट करावी लागत नाही. पारपत्र, परतीचे तिकीट आणि राहण्याची सोय झाल्याचा कागद एवढे जवळ असले म्हणजे पुरते. पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी, हा कोणत्याही परदेशप्रवासाचा सुरक्षित नियम येथेही पाळावा. ‘इमूगा’ नावाचे प्रवासी निवेदन निघण्यापूर्वीच्या 96 तासांत शासनाच्या संकेतस्थळावर भरावयाचे असते. त्यास शुल्क नाही. जेथे शुल्क मागतील ते स्थळ शासनाचे नव्हे, हे ओळखावे. नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात ते पुन्हा एकदा पाहून घेतलेले बरे.

नावाच्या बाबतीत आपल्याकडील मंडळींनी विशेष जपावे. आपल्या नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मधोमध येते. पारपत्रावर ते असते, तिकिटावर गळते, आणि डायव्हिंगच्या ओळखपत्रावर लग्नापूर्वीचे आडनाव राहून गेलेले असते! घरात बसून हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचण्यास पाच मिनिटे लागतात.

हे ओळखपत्र म्हणजे काय, याविषयीही बराच घोटाळा आहे. मालवणला किंवा गोव्याला प्रशिक्षकाचा हात धरून अर्धा तास पाण्याखाली जाऊन आलेल्यास छायाचित्रे मिळतात, कधी एखादे शोभिवंत प्रशस्तिपत्रही मिळते. त्यातील आनंद खरा आहे. पण तो परवाना नव्हे. परवान्यासाठी पाण्याचे धडे, लेखी परीक्षा आणि समुद्रातील ठराविक बुड्या असा रीतसर अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या संस्थेतही असे शिक्षण मिळते. पहिल्या परवान्याची मर्यादा साधारणतः 18 मीटर खोलीची, त्यापुढील परवान्याची 30 मीटरची. मालदीवच्या नियमांनुसार हौशी पाणबुड्याने 30 मीटरच्या खाली जावयाचेच नाही, परवाना कोणताही असो. बुड्यांची नोंदवहीही बरोबर न्यावी. दोन प्रवाळद्वीपांमधील खिंडीत प्रवाह किती जोराचा असतो ते तेथला मार्गदर्शक जाणतो. आपण शेवटची बुडी केव्हा आणि कोणत्या पाण्यात मारली होती, हे त्याला वहीवरूनच कळते.

आता सर्वांत महत्त्वाच्या कागदाकडे वळू. पारपत्र तपासण्यास अधिकारी असतो, तिकीट तपासण्यास विमान कंपनी असते. आरोग्याच्या प्रश्नावलीची खातरजमा करणारे मात्र कोणी नसते. आपण लिहू तेच खरे मानले जाते. 2020 मध्ये सुधारलेल्या या प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर दहा प्रश्न आहेत. त्यांत एखादे महत्त्वाचे ‘होय’ आले, की डॉक्टरांची सही आणावी लागते. ही कटकट नको म्हणून धक्क्यावर उभ्या उभ्या दहाही ठिकाणी ‘नाही’ लिहून मोकळे होणारे लोक असतात.

हे ‘नाही’ किती महाग पडू शकते, ते पाण्याचा हिशेब पाहिला म्हणजे ध्यानात येते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे छातीत घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास चालू ठेवणाऱ्या निरोगी माणसाच्या छातीतून ती सुखाने बाहेर पडते. परंतु दम्याने आकुंचन पावलेल्या नलिकांमागे ती कोंडली, तर फुप्फुस फाटण्याचा धोका असतो. सर्दीने कानाची वाट बंद असता खाली जाणे म्हणजे पडद्यास इजा करून घेणे. फेफऱ्याचा झटका जमिनीवर आला तर शेजारी धावून येतात, पाण्याखाली मात्र तोंडातील नळी सुटते. आणि तेथे धावून येणारा असतो तो आपला जोडीदार. त्याच्याही जिवाची गोष्ट असते.

याचा अर्थ दमा, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने समुद्राचा नाद सोडावा, असा नाही. पुष्कळांना तपासणीनंतर अनुमती मिळते. म्हणूनच ही प्रश्नावली निघण्यापूर्वी महिना-दीड महिना मागवून घ्यावी आणि आपला पूर्वेतिहास ज्यांना ठाऊक आहे अशा घरच्या डॉक्टरांपुढे ठेवावी. त्यांच्यासाठी तिच्यात वेगळे पान असते. बेटावर पोचल्यावर अनोळखी डॉक्टरकडून सही मिळालीच, तरी तिचा भरवसा कितीसा? नेहमीची औषधे चिठ्ठीसह न्यावीत.

विम्याचेही तसेच. प्रवासविम्यात डायव्हिंग पुष्कळदा वगळलेले असते, किंवा त्यात खोलीची अट असते. ते बारीक अक्षर वाचून पाहावे. रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन अपघात घडला, तर रुग्णास दाबकक्षात ठेवावे लागते, आणि दूरच्या बेटावरून त्याला तेथवर आणण्याचा खर्चही मोठा असतो.

याच नायट्रोजनमुळे परतीचे तिकीट हा बुडीचाच एक कागद ठरतो. एकाहून अधिक बुड्या झाल्यावर निदान 18 तास विमानात बसू नये, असा संकेत आहे. पूर्ण दिवस मोकळा ठेवला तर उत्तमच. आपल्याकडेही हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. मालवणला बुडी मारून त्याच संध्याकाळी आंबोलीचा घाट चढणारा माणूस सुमारे 690 मीटर उंचीवर जात असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

येतानाचे विमान दुपारपूर्वी पोचणारे घ्यावे. विमानतळ एका वेगळ्या बेटावर असून त्याला लागूनच बोटींचा धक्का आहे. परंतु लांबच्या बेटांकडे नेणारी समुद्रविमाने केवळ दिवसा उडतात. त्यांत सामान साधारणतः 20 किलो आणि हातात 5 किलो एवढेच चालते. शिसाची वजने व सिलिंडर तिकडेच मिळतात, ती वाहून नेण्याचे कारण नाही. विजेरीचे सुटे लिथियम सेल हातातील पिशवीत ठेवावेत. मद्य, डुकराच्या मांसाचे पदार्थ आणि पूजेच्या मूर्ती देशात नेण्यास मनाई आहे. तेव्हा नेहमी बरोबर असणारा छोटा गणपती या वेळी देव्हाऱ्यातच राहू द्यावा. परतताना कासवाचे कवच किंवा काळे प्रवाळ आणू नये. त्यांच्या निर्यातीस बंदी आहे.

मास्क मात्र स्वतःचाच न्यावा, आणि चष्मा असेल तर त्या नंबरची काच बसवून घ्यावी. बा प्रवाळद्वीपातील हानीफारू उपसागरात मे ते नोव्हेंबरच्या सुमारास मांटा मासे प्लवक खाण्यासाठी जमतात, प्रचंड पंखांनी गिरक्या घेतात. तेथे सिलिंडर घेऊन उतरण्यास बंदी आहे. परवाना नसलेली मुले आणि परवान्याचे वडील तेथे एकाच पृष्ठभागावर, तोंडात साधी नळी धरून, खाली पाहत तरंगत असतात.