टायरचा हिशेब

स्वस्त माल दोनदा घ्यावा लागतो, हे व्यापाऱ्याच्या घरी सांगावे लागत नाही; तरी सायकलचा टायर निवडताना पहिला प्रश्न किमतीचाच निघतो.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2018 मध्ये सुमारे 9,100 किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यत पूर्ण केली. तशा शर्यतीत मागोमाग मदतीची गाडी असते. नागपुरातून जबलपूरला एकट्याने निघालेल्या प्रवाशामागे कोणीच नसते. देवलापारपुढे पेंचचे जंगल लागते. दिवस कलताना तेथे चाकातली हवा गेली, तर पिशवीत असेल तेवढाच आधार.

या मुलखात टायरला भय दोहोंचे: बाभळीचा काटा आणि फुटलेल्या ट्रकटायरमधून महामार्गावर विखुरलेली बारीक तार. म्हणून शर्यतीचा अरुंद टायर घरीच बरा. आत काटारोधक पट्टा असलेला, 32 ते 38 मिलिमीटर रुंदीचा टायर चढावर जड वाटतो खरा, परंतु सामानाचे ओझे तोच पेलतो. मागचा टायर आधी झिजतो. तेव्हा पुढचा मागे घ्यावा आणि नवा पुढे चढवावा, कारण पुढचा फुटला तर स्वार पडतो.

पंक्चर झाल्यावर घाईने नवी ट्यूब घालणारे पुष्कळ. टायर आतून बोटांनी सावकाश चाचपावा. रुतून राहिलेला काटा दुसरी ट्यूबही नेतो.

चेनच्या 24 कड्या नव्या असताना बरोबर 12 इंच भरतात. ते माप एक सोळांश इंचाने वाढले की चेन बदलावी, नाहीतर ती महागडे फ्रीव्हील खाऊन टाकते. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेवर उतरायचे असेल, तर मडगार्ड व टायर यांत बोटभर जागा राखावी; एरवी चाक फिरतच नाही.