कोरे खरेदीखत

टोरोंटोत मला चौदा वर्षे झाली. घराचे खरेदीखत कपाटात जपून ठेवलेले आहे, आणि त्या खताच्या मागे या भूमीची आणखी काही कागदपत्रे असतील हा विचार, एका शनिवारी वाचनालयाच्या तळघरात भरलेल्या कार्यशाळेस जाईपर्यंत, माझ्या मनास शिवला नव्हता, हे प्रारंभीच कबूल करतो.

फरशीवर कांबळी एकास एक लावून अंथरली होती. कांबळी म्हणजे भूमी, आणि जोडे काढून त्यांवर उभे राहिलेले आम्ही तिचे मूळ रहिवासी, अशी योजना. मूळ रहिवाशांविषयीच्या शाही आयोगाचा अहवाल १९९६ साली प्रसिद्ध झाला, त्यानंतर पुढच्याच वर्षी हा उपक्रम आकारास आला. एक वृद्ध बाई संथ स्वरात करार आणि कायदे वाचीत, आणि प्रत्येक वाचनासरशी त्यांचे सहकारी एकेक कांबळे दुमडीत. मूळ रहिवाशांसाठी केलेला १८७६ चा 'इंडियन ॲक्ट' वाचून होईतो माझ्या तळव्यांपुरतेच कापड उरले. शेजारची मुलगी, आईबापांपासून तोडून निवासी शाळांत नेलेल्या दीड लाखांहून अधिक मूळ रहिवासी मुलांची प्रतिनिधी म्हणून, दूर कोपऱ्यातल्या एकट्या कांबळ्यावर नेऊन उभी केली गेली. ती सारखी आमच्याकडे पाहत होती.

तेव्हा मला नगर जिल्ह्यातल्या माझ्या गावाबाहेरची पारध्यांची पाले आठवली. चोरी कोठेही होवो, पहिली धाड तेथे पडे. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, जो पुढे मुंबई इलाख्यासही लागू झाला, तो याच ब्रिटिश साम्राज्याच्या दप्तरातला. तिकडे पारध्यांना हजेरी, इकडे मूळ रहिवाशांना वस्तीबाहेर पडण्यास परवाना. १९५२ साली तो कायदा गेला. धाडी मात्र मी माझ्या लहानपणी पाहिल्या आहेत, आणि त्यांविषयी तेव्हा मला काहीही वाटले नव्हते.

नंतर वर्तुळात बसलो असता बाईंनी टोरोंटोच्या खरेदीची हकीकत सांगितली. १७८७ च्या दस्तऐवजात जमिनीचे वर्णनच नव्हते. कागद कोरा, आणि येथल्या मूळ रहिवासी मिसिसॉगा लोकांच्या प्रमुखांच्या निशाण्या वेगळ्या चिठ्ठ्यांवरून त्यास चिकटवलेल्या. १८०५ साली दहा शिलिंगांत तो व्यवहार पक्का करण्यात आला. भरपाई म्हणून साडेचौदा कोटी डॉलर मिळण्यास २०१० साल उजाडावे लागले.

नागरिकत्वाच्या शपथेत मूळ रहिवाशांच्या करारहक्कांचा उल्लेख २०२१ साली आला. मी शपथ घेतली ती त्यापूर्वी. आता जे मराठी बांधव ती घेणार आहेत, त्यांना माझी विनंती एवढीच, की ते शब्द उच्चारण्यापूर्वी एक शनिवार या कांबळ्यांसाठी राखून ठेवावा.