मास्तर, पाटील आणि मुख्यमंत्री

सत्तरचे दशक मराठी पडद्यावर पाहायचे, तर सुरुवात गावच्या मास्तरापासून करावी लागते. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांत गावाने ज्याच्याकडे मान वर करून पाहिले, तो हाच माणूस. खादीचे कपडे, मोजके बोलणे, गावाच्या चालीरीतींवर करडी नजर. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’मध्ये (१९७२) डॉ. श्रीराम लागूंनी हा मास्तर उभा केला आणि चित्रपटाने त्याला सगळ्या गावासमोर उभा-आडवा तपासला. कथेचे मूळ ‘ब्लू एंजल’ या १९३० च्या जर्मन चित्रपटात आहे. पण शंकर पाटलांचे संवाद, जगदीश खेबुडकरांची गाणी आणि राम कदमांचे संगीत यांनी ते बीज इथल्या मातीत असे रुजवले, की आज त्याचे परकेपण मुद्दाम सांगावे लागते.

तमाशाचा फड गावाबाहेर घालवणारा मास्तर शेवटी त्याच फडात हाती तुणतुणे घेऊन उभा राहतो, हा ‘पिंजरा’चा सर्वांना आठवणारा प्रसंग. त्याहून खोल घाव घालणारा भाग पुढे आहे. दुसऱ्याच माणसाचे प्रेत मास्तरचे समजून गाव शोक करते, त्याचा पुतळा उभारते आणि त्या पुतळ्यापुढे हात जोडते. खरा मास्तर जिवंत असतो. पण स्वतःच्याच खुनाचा आरोप तो अंगावर घेतो, कारण गावाला माणसापेक्षा पुतळ्याची गरज जास्त आहे हे त्याला कळून चुकलेले असते. ठिकठिकाणी पुढाऱ्यांचे पुतळे उभे राहत होते आणि त्यांच्या शिकवणीचा मागमूस उरत नव्हता, त्या काळाचे इतके नेमके चित्र दुसऱ्या कुठल्या रंगीत, गाण्यांनी भरलेल्या करमणुकीच्या चित्रपटात सापडणे कठीण.

त्याच सुमारास राज्यातली सत्ता घर बदलत होती. १९६० साली महाराष्ट्र स्थापन झाला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखान्यांच्या चिमण्या धूर ओकू लागल्या. कारखाना, बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था अशी एकेक दोरी तालुक्याच्या पुढाऱ्याच्या मुठीत आली. या नव्या धन्याला चेहरा दिला तो ‘सामना’ने. १९७४ च्या या चित्रपटाचे निर्माते रामदास फुटाणे, पटकथा विजय तेंडुलकरांची आणि दिग्दर्शक जब्बार पटेल. हिंदुराव धोंडे-पाटील झाले निळू फुले.

फुल्यांचा हिंदुराव आरडाओरडा करत नाही. आवाज खालच्या पट्टीत, शब्द सावकाश, समोरच्याला आपलेसे करण्याची हातोटी. गावात येऊन पडलेल्या एका दारुड्या माणसाला तो आसरा देतो, खाऊ-पिऊ घालतो. हा दारुडा म्हणजे एकेकाळचा ध्येयवादी मास्तर, आणि भूमिकेत पुन्हा डॉ. लागूच. ‘पिंजरा’त उंचावरून कोसळलेला मास्तर इथे आधीच जमिनीवर पडलेला आहे. गमावण्यासारखे त्याच्यापाशी काही उरलेले नाही, म्हणूनच तो विचारू शकतो. मारुती कांबळे नावाचा माणूस गावातून नाहीसा झाला; त्याचे पुढे काय झाले, एवढेच तो ज्याला-त्याला विचारत सुटतो. हिंदुरावाच्या ऐश्वर्याला या एका प्रश्नाने तडा जातो. कांबळे या आडनावातच गावाची सगळी उतरंड सांगितलेली आहे. दलित पँथरची स्थापना १९७२ ची, हे लक्षात ठेवले की त्या प्रश्नाची धार कळते. १९७५ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात ‘सामना’ दाखवला गेला आणि त्याच वर्षी जूनमध्ये देशात आणीबाणी लागू झाली. प्रश्न विचारणाऱ्याची किंमत काय असते, हे चित्रपट आधीच सांगून बसला होता.

हे चित्रपट गाजले, तरी थिएटरबाहेर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी आठवड्यामागून आठवडे लटकत ठेवली ती दादा कोंडक्यांनी. ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘आंधळा मारतो डोळा’ (१९७३), ‘पांडू हवालदार’ (१९७५) अशी ही रांग आहे. दादा मुंबईच्या गिरणगावात वाढले आणि त्यांचा प्रेक्षक गिरणीत खाते सांभाळणारा, महिन्याच्या महिन्याला गावी मनिऑर्डर पाठवणारा होता. ‘सोंगाड्या’तला नाम्या ढगळ अर्ध्या चड्डीत, लोंबती नाडी घेऊन पडद्यावर आला, तेव्हा या प्रेक्षकाला आपल्याच वाडीतला पोरगा भेटला. आयेच्या धाकातला, बावळट, पण शहाण्यांना पुरून उरणारा. दादरच्या कोहिनूर थिएटरने ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली तेव्हा बाळासाहेब ठाकरे त्याच्या पाठीशी उभे राहिले. मराठी माणसाला मुंबईत हक्काची जागा हवी, ही त्या दशकाची मागणी तिकीटखिडकीवर अशी पोचली. दादांच्या द्व्यर्थी संवादांना नाके मुरडणाऱ्यांनी हा भाग पाहिलाच नाही.

एक उणीव मात्र सलते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला रस्त्यांच्या कामांवर गेली, घराघरांत मिलोच्या भाकरी थापल्या गेल्या, पोरांनी सुकडी खाल्ली. त्या पिढीच्या आठवणीत यापेक्षा मोठे काही नाही. तरीही या गाजलेल्या चित्रपटांपैकी एकानेही दुष्काळाला आपला विषय केले नाही.

दशकाची अखेर मंत्रालयात होते. १९७८ च्या जुलैमध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि पुढच्याच वर्षी ‘सिंहासन’ आला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा बांधली, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेलांचे. कादंबऱ्या आधीच्या असल्या, तरी प्रेक्षकांनी चित्रपट वर्तमानपत्रासारखा वाचला. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री जिवाजीराव, खुर्चीवर डोळा ठेवणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा, स्मगलर, आमदार, झोपडपट्टी, सगळे कृष्णधवल चौकटीत एकमेकांना खेटून आहेत. दूरध्वनी वाजतात, गाड्या निघतात, कुणी कुणाला फोडतो. लोकांचे प्रश्न दारापर्यंत येतात आणि तिथेच राहतात.

इथे पात्रयोजनाच बोलते. विश्वासराव झाले आहेत डॉ. लागू, म्हणजे दोनदा मास्तर झालेला नट आता सत्तेच्या पाठीमागे धावतो. आणि हिंदुराव झालेले निळू फुले इथे पत्रकार दिगू टिपणीस आहेत. प्रश्न विचारण्याचे काम आता त्यांच्याकडे आले आहे. पण ‘सामना’तल्या मास्तराच्या एका प्रश्नाने गाव हलले होते, दिगूला सगळे ठाऊक असूनही काहीच हलत नाही आणि शेवटी त्याचेच डोके फिरते. १९७२ ते १९७९ या सात वर्षांत महाराष्ट्राने आपल्या नैतिक अधिकाराचे काय केले, हे या तीन चित्रपटांइतके स्पष्ट कुठल्याही इतिहासग्रंथात वाचायला मिळत नाही.

सत्यदेव दुबे यांचा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९७१) आणि ठाकर आदिवासींच्या जगण्यावरचा ‘जैत रे जैत’ (१९७७) हे दोन्ही त्याच काळातले मोलाचे चित्रपट. पहिल्याचा जीव नाटकात आहे, दुसऱ्याचा डोंगरात. दशकाच्या गदारोळापासून दोघेही थोडे दूर उभे आहेत.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दादांच्या प्रेक्षकाचे आणि डिकास्टाच्या संघटनेचे जग त्यात मोडून पडले. त्याच वर्षी जब्बार पटेल आणि तेंडुलकर ‘उंबरठा’ घेऊन आले. त्यात स्मिता पाटीलची सुलभा महाजन घराबाहेर पाऊल टाकून महिला सुधारगृहाचे काम पत्करते. तिच्यापासून ऐंशीच्या दशकाचा विषय सुरू होतो.