बडनेऱ्यापासून समुद्र किती दूर?

बडनेरा जंक्शनवरून मुंबईच्या गाड्या धावतात. तरी इथल्या बहुतेक मुलांना समुद्र पुस्तकातच भेटतो. रत्नागिरीला गेलो तेव्हा काठावरच्या शिक्षणाचे मोल आम्हाला कळले. शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, मिरकरवाड्याला मासेमारी बंदर. ओहोटी लागली की खडकांवरची कालवे, खेकडे, शेवाळ उघडे पडते. सुमारे सहा तासांनी भरती येऊन सारे झाकते. असा धडा फळ्यावर कसा उतरणार?

पण आपल्याकडेही पाणी आहे. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव जवळच आहेत. आपली पेढी पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला मिळते. शाळेची सहल तलावावर निघाली, तर मुलांबरोबर मुलींनाही अवश्य पाठवा.