भाता, भिंग आणि तीन खाचा

तुमसरहून सिहोऱ्यावरून पुढे गेले की मध्य प्रदेशाच्या सीमेलगत बपेरा हे गाव लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या पसरलेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी, कापणीच्या दिवसांत, एका आजारी माणसाच्या भेटीसाठी आम्ही तेथे गेलो होतो. निघताना शेजारच्या घरातील एक तरुण पुढे आला आणि म्हणाला, "फादर, तुम्ही फोटो काढता म्हणतात. आमच्या आजोबांचा जुना कॅमेरा घरी पडून हाय. भंगारवाला फक्त पितळेचे पैसे देतो म्हणतो. एकदा बघून घ्या."

आम्ही पाहिला. सागवानी लाकडाची घडीची पेटी, पितळी कोपरे व स्क्रू, पुढे पितळी नळीत बसविलेले भिंग आणि मध्ये उंदरांनी कुरतडलेला काळा भाता. पट्टीवर 'वागीश्वरी' हे नाव अद्याप वाचता येत होते. त्या नावाने आमचे मन तीस-पस्तीस वर्षे मागे गेले. सेमिनरीत असताना आम्हांला कृष्णधवल छायाचित्रणाचा छंद जडला होता आणि या कॅमेऱ्याची कथा आम्ही तेव्हाच ऐकली होती. केरळातील आलप्पुळा येथे वाद्ये तयार करणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या घरात के. करुणाकरन वाढले. त्यांच्याकडे एका कॅमेऱ्याचा फाटलेला भाता दुरुस्तीस आला. पेटीचा भाता शिवणाऱ्यास कॅमेऱ्याचा भाता परका वाटला नाही. त्या दुरुस्तीतून पुढे, १९४० च्या दशकात, 'वागीश्वरी' कॅमेऱ्याचा जन्म झाला आणि कित्येक वर्षे तो देशभरच्या स्टुडिओंतून तिकाटण्यावर उभा राहिला. जो कॅमेरा दुरुस्तीतूनच जन्मास आला, तो भंगारात जावा हे आमच्या मनास पटले नाही. खोलीच्या कोपऱ्यात खाटेवर बसलेल्या आबाजींना आम्ही विचारले, "दुरुस्त करून आणू का?" काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. ते एवढेच म्हणाले, "न्या. पण परत आणा."

दुरुस्तीचे काम चार महिने चालले. भात्यापासून आरंभ केला. रात्री खोलीत अंधार करून भात्यात लहान विजेरी लावली, तेव्हा घड्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून प्रकाशाचे ठिपके नक्षत्रांसारखे दिसू लागले. पाहावयास सुंदर, परंतु कॅमेऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक ठिपका म्हणजे फिल्मवरील डाग. ठिगळे लावून भागण्यासारखे नव्हते. आमच्या चर्चची बाजाची पेटी दुरुस्त करणारे कारागीर तुमसरला असतात. त्यांनी काळ्या कापडाच्या दोन थरांमध्ये जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवून नवा भाता घडविला. आलप्पुळ्याची कथा त्यांना सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे फादर, आम्हीही आता कॅमेरावाले!"

पितळी भागांसाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. भंडाऱ्याची पितळेच्या भांड्यांची कारागिरी जुनी व प्रसिद्ध. तेथील एका वृद्ध कारागिराने झिजलेला दातेरी दांडा सरळ करून दिला आणि मोबदला घेतला नाही. मागील घासलेली काच फुटलेली होती. तिच्यासाठी साध्या काचेवर कार्बोरंडमची बारीक पूड व पाणी घालून दुसऱ्या काचेच्या तुकड्याने ती गोलगोल घासत बसलो. तासाभराने तिच्यावर धुक्यासारखा एकसारखा पांढुरकेपणा आला. हीच ती काच, जिच्यावर समोरचे जग उलटे उमटते: पाय वर, डोके खाली. जुने छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन हेच उलटे जग न्याहाळत असत. आम्ही त्यासाठी आमचा जुना काळा झगा उसवून वापरला.

यानंतर सुधारणेचा प्रश्न आला. हा कॅमेरा हाफ प्लेट आकाराचा, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा. त्या मापाची फिल्म सहजी मिळत नाही. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म एके काळी गावोगावी मिळे; तो कारखानाही बंद पडला. चार बाय पाच इंचांचे फिल्मधारक मात्र आजही मिळतात. म्हणून त्या मापाची नवी मागची चौकट सागवानात करून घेतली. तिच्यात एक गोष्ट अत्यंत काटेकोर असावी लागते. काचेची घासलेली बाजू जेथे असते, नेमकी तेथेच धारक सरकवल्यावर फिल्म आली पाहिजे. धारकात फिल्म सुमारे पाच मिलिमीटर आत असते. तेवढेच अंतर काचेलाही द्यावे लागते. यात अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी काचेवर स्पष्ट दिसलेला चेहरा फिल्मवर अस्पष्ट उमटू शकतो.

नवी चौकट जुन्याच कड्यांत बसेल अशी केली. मूळ चौकट कापली नाही, पेटीला एकही नवे छिद्र पाडले नाही. ज्याला वाटेल त्याने उद्या पुन्हा जुनी चौकट लावावी. भिंगही बदलले नाही. केवळ त्यावरील बुरशी पुसून काढली. झडपयंत्र असलेले आधुनिक भिंग बसवावे, असा मोह झाला होता, तो आवरला. जुने तेवढे जपावे आणि नवे असे जोडावे की ते काढता यावे, हा आमचा नियम. या नियमाचा आम्हांला मनातून थोडा अभिमानही वाटत होता.

शेवटी लाकडाला रोगण देण्यापूर्वी सुताराकडून पेटी घासून घेतली. तळपट्टीवर काही ओरखडे होते. "हेही काढा," असे आम्हीच सांगितले.

कॅमेरा घेऊन बपेऱ्याला गेलो तेव्हा अंगणात शेजारपाजार जमला. आबाजींनी दोन्ही हातांनी पेटी चाचपली. भाता ओढून पाहिला, मान डोलावली. पितळी स्क्रू फिरवला, पुन्हा मान डोलावली. मग त्यांचे बोट तळपट्टीच्या उजव्या कडेवरून पुढे सरकले, मागे आले, पुन्हा पुढे गेले. तिसऱ्यांदा ते बोट फिरले तेव्हा आमच्या छातीत धस्स झाले.

"फादर, येथे तीन खाचा होत्या."

त्या ओरखड्यांचा अर्थ आम्हांला तेव्हा कळला. तरुणपणी त्यांनी चाकूने त्या खाचा केल्या होत्या. पहिली एकट्या माणसाच्या छबीसाठी, दुसरी जोडप्यासाठी, तिसरी साऱ्या कुटुंबासाठी. लग्नघरी दिवेलागणीला काचेवर नीट दिसेनासे झाले की ते नखाने खाच शोधीत, पुढची पाटी तेथे आणीत, ठरलेली पावले मोजून माणसे बसवीत आणि भिंगावरचे झाकण काढीत. पाच-सहा फुटांवरच्या माणसापासून दूरच्या देवळापर्यंत साऱ्या जगासाठी ती पाटी इंच-सव्वा इंचच सरकते. त्या इंचात त्यांच्या तीस वर्षांच्या धंद्याचे ज्ञान कोरलेले होते. डोळे गेल्यावर कॅमेऱ्याचा तेवढाच भाग त्यांना 'दिसत' होता. नेमका तोच आम्ही घासून गुळगुळीत केला होता.

आम्ही क्षमा मागितली. वेदीवर उभे राहून आम्ही रोज क्षमेचे शब्द उच्चारतो. त्या अंगणात मात्र ते जड झाले. मोठमोठ्या गोष्टी जपल्याच्या समाधानात आम्ही ज्याची वस्तू त्यालाच विचारावयाचे विसरलो होतो.

आबाजी बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "पुढची काच तीच हाय ना?"

"तीच आहे."

"अन् मागची चौकट नवी? किती जाड?"

आम्ही सांगितले, जुनीपेक्षा फिल्म सात-आठ मिलिमीटर मागे गेली आहे. मिलिमीटर त्यांना समजेनात. आजींनी सुपातला धानाचा एक दाणा उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला, आम्ही म्हणालो, "एवढ्या लांबीची." त्यांनी तो दाणा अंगठ्याने दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा किंचित सैल झाला.

"मंग त्या खाचा तशाही चुकल्याच असत्या. फिल्म एक धान मागे गेली, म्हणजे तिन्ही खाचाही एक धान मागे. काच बदलली असती तर सारंच गेलं असतं. काच तीच हाय, म्हणजे हिशेब तोच हाय."

हे आमचे केवळ सांत्वन नव्हते. ते शास्त्रशुद्ध सत्य होते. भिंगाचे नाभ्यंतर तेच असेल तर दोन खुणांमधील अंतरे बदलत नाहीत. सारा संच तेवढा सरकतो. चार महिने पुस्तके चाळून आम्हांला जे सुचले नाही, ते त्या दृष्टिहीन माणसाने धानाच्या एका दाण्यावर सांगितले.

मग पडवीत काम सुरू झाले. नातू पावले मोजून उभा राहिला. झग्याखाली शिरून आम्ही काचेवर पाहू लागलो. पाटी किती सरकवावी हे आबाजी सांगत आणि चित्र स्पष्ट झाले की आम्ही म्हणू, "थांबा." तेथे त्यांनी स्वतः चाकू घेऊन, बोटाने चाचपीत, खाच पाडली. आमच्या ताज्या रोगणावर तीन वेळा चाकू फिरला, आणि आम्हांला वाईट वाटले नाही.

दुसरी खाच जोडप्याची. ती पाडल्यावर आम्ही विचारले, "तुमचा आणि आजींचा जोडीने फोटो आहे का?" उत्तर आजींनी दिले, "साऱ्या गावाचे काढले यांनी. हे नेहमी कापडाखाली. आमचा कोण काढणार?"

दोघांना बाकावर बसविले. एका दवाखान्यात संगणकीय यंत्र आल्याने उरलेली क्ष-किरण फिल्म आम्हांला मिळाली होती. लाल दिव्याखाली कापून तीच धारकात भरली होती. ती लाल रंग जाणत नाही. त्यामुळे आजींचे लाल लुगडे चित्रात काळे येणार हे ठाऊक होते. पडवीतल्या सावलीत दोन सेकंद लागणार होते. "मी मोजतो," आबाजी म्हणाले. आम्ही झाकण काढले. त्यांनी ओठ न हलवता मांडीवर बोटाने दोन ठोके दिले. आम्ही झाकण लावले.

त्या रात्री आमच्या न्हाणीघरातील लाल दिव्याखाली रसायनाच्या थाळीत ती निगेटिव्ह हळूहळू उमटली: काळे ते पांढरे, पांढरे ते काळे. १८९८ साली तुरीन येथे सेकोंदो पिया या वकिलाने मोठ्या काचपट्टीवर तेथील पवित्र वस्त्राचे छायाचित्र घेतले आणि निगेटिव्हवर उमटलेला स्पष्ट चेहरा पाहून तो थक्क झाला, हे आपण जाणतोच. त्या वस्त्राविषयीचे वाद बाजूस ठेवले तरी एवढे खरे, की डोळ्यांपुढे असूनही न दिसलेली गोष्ट कधी कधी अंधारखोलीत गेल्यावरच दिसते. आम्हांला त्या दिवशी आमची घाई दिसली होती.

छायाचित्र फ्रेम करून नेले. आबाजींनी काचेवरून हात फिरवला आणि विचारले, "हाललो तर नाही?"

"तुम्ही नाही. आजींचा पदर थोडा हलला आहे."

"तिला कधी स्वस्थ बसता आलं नाही," ते म्हणाले. आजी चहा ठेवावयास आत गेल्या होत्या.

आमच्या चर्चमधील बाके घासून रंगविण्याचे काम यंदा काढावयाचे आहे. कंत्राटदाराने दर दिला आहे. परंतु त्याआधी एका रविवारी मिस्सानंतर आम्ही वृद्ध मंडळींना थांबविणार आहोत, आणि प्रत्येक बाकावरून त्यांना एकदा हात फिरवू देणार आहोत.