वर्ज्य रंग

शेडकार्डावर रंगांना शेजार नसतो. प्रत्येक जण आपापल्या चौकोनात एकटा, खाली कसलंसं गोंडस नाव. पण भिंत एकटी कुठे असते? तिला दार असतं, खिडकीचे गज असतात, समोर जांभ्याचा कट्टा असतो. म्हणून साताऱ्यातल्या घराला रंग द्यायचं ठरलं तेव्हा शेडकार्ड बाजूला ठेवून मी माळ्यावरची रेकॉर्डांची पेटी खाली घेतली. बारा इंचांच्या कव्हरवर रंगांची जुळवाजुळव कुणीतरी आधीच करून ठेवलेली असते.

ही चैन तशी अलीकडची. १९३७ साली गेलेले, मिरजेत वास्तव्य केलेले अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या काळातल्या तबकड्या कंपनीच्या साध्या कागदी पाकिटातून यायच्या. मधल्या गोल भोकातून लेबल डोकवायचं, बस्स. कव्हरवर चित्र असावं ही कल्पना अमेरिकेत कोलंबिया कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइसने रुजवली, १९४०च्या सुमारास. मला मात्र त्या भोकाच्या पाकिटांबद्दल तक्रार नाही. खाँसाहेबांच्या सुराचा रंग शोधायचाच तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावं. पॉलिश होऊन ठेवलेले तंबोरे बघावेत: तांबूस भोपळा आणि त्याच्या कडेने पांढरी नक्षी. दोनच रंग, त्यातही पांढरा चिमूटभर.

हे चिमूटभर फार अवघड. माझं माहेर सांगली, त्यामुळे हळदीचा पिवळा रंग जन्मापासून ओळखीचा. पण तो भिंतभर फासला की डोळे दिपतात. ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’च्या १९६७ च्या कव्हरवर अँडी वॉरहॉलने पिवळा एका केळ्यापुरता ठेवला आणि बाकी सगळं पांढरं सोडलं. पुढच्याच वर्षी बीटल्सच्या रेकॉर्डसाठी रिचर्ड हॅमिल्टनने तेवढंही ठेवलं नाही. पांढऱ्यावर नाव नुसतं उठावाने. हे जरा अतीच, पण छाती लागते.

सगळ्यांत जास्त वेळ मी पिंक फ्लॉइडचं १९७३ चं कव्हर घेऊन बसले. काळ्या पार्श्वभूमीवर लोलक, त्यातून फुटलेले रंगांचे पट्टे. मोजले तर सहाच. निळ्याच्या जवळचा पारवा, शाळेत पाठ केलेला तो सातवा, वगळलेला आहे. खटकतं खरं. पण भूप गाणाऱ्याला कुणी विचारतं का, मध्यम आणि निषाद कुठे गेले म्हणून? ते वर्ज्य आहेत म्हणून तर गंधार तसा लागतो.

यावर कुणी साताराकर म्हणेल, मग आमचं कास पठार? सप्टेंबरात सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा जांभळा, गेंदाचा पांढरा, काहीच वर्ज्य नाही. बरोबर. पण खाली काळपट जांभा सगळ्यांना धरून आहे आणि वर पावसाळी आभाळ. फुलं बघताना आपण ते मोजत नाही, एवढंच.

शेवटी भिंती कोऱ्या कापडासारख्या, दार तंबोऱ्याचं तांबूस आणि गज काळे, असं ठरलं. पेंटर दचकले. “ताई, काळा? घरात?”

“भिंतीला नाही हो, गजांना.”

“मग एका भिंतीला तरी गुलाबी घेऊ की.” त्यांना माझी कीव आली असावी. पिवळा मी फक्त कोनाड्यात दिला.

आता सांगलीच्या घराची पाळी. २०१९ च्या पुराची रेघ सोप्याच्या भिंतीवर अजून आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग नेमून दिलाय: शृंगाराला श्याम, रौद्राला लाल, अद्भुताला पिवळा आणि करुणाला कपोत, म्हणजे आपला पारवा. त्या भिंतीला तोच द्यावा असं मी भावाला फोनवर सुचवलं.

“पारवे गच्चीवर कमी आहेत होय?” तो म्हणाला. त्याला पिस्ता हवाय.