रेघ दिसली पाहिजे

वाघ-बकरीचा पट कोळशानं फरशीवर दोन मिनिटांत काढून होतो. पाच आडव्या रेघा, पाच उभ्या, मग तिरप्या. रेघा जिथं मिळतात अशी 25 ठिकाणं. चार कोपऱ्यांत चार वाघ बसतात, बकरीवाल्याच्या मुठीत 20 खडे. बकऱ्या एकेक करून मांडायच्या, सगळ्या मांडून झाल्या की मगच हलवायच्या. वाघ शेजारच्या बकरीवरून उडी मारून पलीकडच्या रिकाम्या जागी गेला की बकरी गेली. अशा पाच गेल्या की वाघ जिंकला. चारी वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या. गावागणिक आकडे आणि नियम थोडे बदलतात. आपल्याकडं लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या कातळावर असे पट कोरलेले सापडतात, आणि नेपाळात हाच खेळ ‘बाघचाल’ म्हणून सर्वांना ठाऊक आहे.

मी हिंजवडीत इंटरफेस डिझायनर आहे. आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींत बसलं की आपण मुळशी तालुक्यात आहोत हे विसरायला होतं, पण तालुका तोच. नोकरीत दिवसभर फॉर्म आणि बटणं. उरलेला वेळ वाघ-बकरीचं ॲप करण्यात जातो. मोबाइलवरचे असे बरेच खेळ मी पाहिले. मागं घनदाट जंगल, पटाला वेलींची चौकट, वाघाच्या डोळ्यांत चमक, आणि या सगळ्यात रेघा कुठंतरी बुडालेल्या. मला हे पटत नाही, कारण या खेळात रेघ हाच नियम आहे. पटाच्या अगदी मधल्या ठिकाणाहून आठ दिशांना जाता येतं. त्याच्या लगतच्या उभ्या-आडव्या ठिकाणांवरून चारच दिशा, कारण तिथून तिरपी रेघ जातच नाही. हे कुणी पाठ करत नाही. रेघ असेल तर जाता येतं, नसेल तर नाही. नियमांचं पुस्तक पटावरच काढलेलं आहे. म्हणून मी पार्श्वभूमी फिकट आणि सपाट ठेवली, रेघा ठसठशीत काढल्या, आणि सुरुवातीची चार पानांची सूचनामाला काढून टाकली.

पौडच्या पुढं, धरणाकाठच्या एका गावात एक आजोबा हा खेळ अजून खेळतात. त्यांच्या हातात फोन दिला, ते पडवीत उन्हाच्या तिरिपेला बसले होते. त्यांचं बोट जाड, नांगराचं. बकरी उचलली की ती बोटाखाली झाकून जायची, आणि कुठं ठेवतोय तेही दिसायचं नाही. म्हणून आता उचललेली बकरी बोटाच्या वरच्या अंगाला दिसते आणि खालचं ठिकाण उजळतं. बोटाचा हिशेब खरं तर साधा आहे. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनानुसार बोटानं दाबायची जागा किमान 48 एकक, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर हवी. साडेसहा सेंटिमीटर रुंद पडद्यावर बुद्धिबळाचं घर आठ मिलिमीटरांच्या आसपास येतं. वाघ-बकरीला पाचच ठिकाणं बसवायची, तेव्हा प्रत्येकाला तेरा मिळतात. एवढी जागा हाताशी असताना कडेला जाहिरातीची पट्टी आणि नाण्यांचा गल्ला ठेवून पट आखडायचा, हा मला या खेळावरचा अन्यायच वाटतो.

आजोबांनी एक चाल केली, फोननं लगेच उत्तर दिलं, आणि ते म्हणाले, “माझी बकरी कुठं गेली रं?”

माणूस समोर असतो तेव्हा त्याचा हात येतो, वाघ उचलतो, बकरीवरून नेतो, मेलेला खडा बाजूला टाकतो. आपले डोळे त्या हातामागं जातात. संगणकाला हातच नाही. आपल्या स्पर्शाला पडद्यानं सेकंदाच्या दहाव्या भागात दाद दिली पाहिजे, एरवी तो मंद वाटतो. हा जेकब नील्सन यांनी 1993 साली मांडलेला आडाखा आमच्या धंद्यात सगळे पाळतात. प्रतिस्पर्ध्याच्या चालीला मात्र मुद्दाम वेळ द्यावा लागतो. वाघ आधी किंचित उचलला जातो, रेघेवरून सरकतो, बसतो; मग बकरी पटाच्या कडेला जाते. तिथं पाच खळगे काढले आहेत. तीन भरले, दोन रिकामे, एवढं दिसलं की आकडा लिहायची गरज उरत नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते सूचनांच्या प्रश्नानं. बाघचाल दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर बरोबरीत सुटतो, हे लिम यू जिन आणि युर्ग निव्हर्गेल्ट यांनी संगणकाच्या मदतीनं सिद्ध केलेलं आहे. यंत्राला एवढं कळतं म्हटल्यावर ते खेळाडूला सांगण्याचा मोह होतो: ही बकरी धोक्यात आहे, इथं ठेवू नका, लाल कडं दाखवा. मी ते ठेवलं नाही. नियम सांगणं पडद्याचं काम, डाव सुचवणं त्याचं नाही. कोणती बकरी उघडी पडली आहे हे हेरणं, हाच तर खेळ. तिथं पडदा बोलला तर माणसाकडं करायला काही उरत नाही.

पण कोंडलेल्या वाघाचं काय? तो हेरणंही खेळाचाच भाग, असं आमच्यातला एक जण शेवटपर्यंत म्हणत राहिला. मला ते पटलं नाही. पडवीत वाघ कोंडला की बकरीवाला गप्प बसत नाही, मोठ्यानं ओरडतो, “कोंडला!” बुद्धिबळात शह म्हणायची रीत आहे, तसंच हे. जे माणसं एकमेकांना सांगतातच, ते पडद्यानं सांगितलं तर त्यात आगाऊपणा नाही. आमचा कोंडलेला वाघ खाली बसतो. तेवढंच, ना घंटा, ना चौकट.

मुळशीच्या पावसानंही एक गोष्ट ठरवून दिली. ताम्हिणीच्या बाजूला आषाढात फोन बाहेर काढला की पडद्यावर थेंब पडतो आणि थेंबालाही पडदा बोट समजतो. त्यामुळं नुसत्या टेकण्यानं बकरी बसत नाही, ओढून आणून सोडावी लागते. उचलून परत जागेवर ठेवली तर चाल झाली असं धरत नाही. ‘नक्की का?’ असं विचारणारी खिडकी त्यामुळं लागलीच नाही.

सध्या काम चाललंय ते दोघांनी एकाच फोनवर समोरासमोर बसून खेळण्याचं. फरशीवरच्या पटाला वरची बाजू, खालची बाजू नसते, पडद्याला असते. वाघ बाजूनं काढला तर एकाला सरळ, दुसऱ्याला उलटा. म्हणून वाघ आणि बकऱ्या वरून पाहिल्यासारख्या काढतोय. वाघ मोठा आणि लांबट, बकरी लहान आणि गोल, म्हणजे रंग नीट न दिसणाऱ्यालाही फरक कळेल. चाल मागं घेण्याचं बटण दोन्ही कडांना ठेवलंय, ज्याचं त्याच्याकडं तोंड करून. ते दोघांच्या संमतीशिवाय चालावं का, यावर अजून आमचा वाद मिटलेला नाही. आजोबांचं मत, चाल परत द्यायची की नाही हे समोरच्यानं ठरवायचं, फोननं नव्हे. बहुतेक तसंच करू.